खाडीचा गाळ चाळणाऱ्या बाईला ध्रुवाच्या जाहिरातीत जागा आहे का?

खाडीकाठची, कळवा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३४. एमएस्सी प्राणिशास्त्रात, विशेष विषय समुद्रविज्ञान. पीएचडी पर्यावरणशास्त्रात, ठाणे खाडीच्या गाळातल्या फोरामिनिफेरावर. हे नाव ऐकलं नसेल तर सांगते: हे एकपेशीय जीव, वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून बारीक. बरेचसे अंगाभोवती चुन्याचं कवच बांधतात. जीव मेला तरी कवच गाळात राहतं. गाळाचा उभा दांडा काढला की वरून खाली जाताना खाडीत कधी काय झालं ते त्या कवचांवरून वाचता येतं. विटाव्यापासून ऐरोलीच्या पुलाखालून दिवाळे गावापर्यंत ७ ठिकाणी पीव्हीसी पाइप ठोकून मी असे दांडे काढले. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याची होडी, ओहोटी गाठायची म्हणून पहाटे साडेचारला घरातून निघायचं, आणि मांडीपर्यंत काळा चिखल. त्या चार वर्षांत आईने माझे खाडीचे कपडे एकदाही मशीनमध्ये टाकू दिले नाहीत.

पुढचं काम बसून. वरच्या थराच्या नमुन्यात रोझ बेंगाल घालून ठेवायचं, म्हणजे गोळा करताना जो जिवंत होता तो गुलाबी दिसतो. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ धुवायचा, वाळवायचा, आणि मायक्रोस्कोपखाली तीन शून्यांच्या ओल्या ब्रशने एकेक कवच उचलायचं. दर नमुन्यात ३००. मान गेली, चष्मा लागला, पण खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं सुख दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आता सद्यस्थिती. ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तिसरं वर्ष सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. प्रथम वर्षाच्या १२० मुलांना 'पर्यावरण अभ्यास' शिकवते. त्यांतली ९० मुलं मागच्या बाकांवर इन्स्टाग्राम अभ्यासतात. तासांचे पैसे मिळतात, ते दिवाळीच्या आसपास एकदम. मे महिन्यात शून्य. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, झालीय, पण जीवशास्त्रात. गेल्या वर्षी एका ठिकाणी पर्यावरणशास्त्राची कायम जागा निघाली. छाननीतच बाद. कारण, 'एमएस्सी प्राणिशास्त्रात'. दोन महिन्यांनी दुसरीकडे प्राणिशास्त्राची निघाली. तिथे मुलाखतीत म्हणाले, 'पीएचडी पर्यावरणशास्त्रात कशी काय?' म्हणजे मी वटवाघूळ. पक्ष्यांत गेले की दात मोजतात, जनावरांत गेले की पंख.

परवा रात्री लेक झोपल्यावर फोन चाळत होते, तर उत्तर नॉर्वेतली एक पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाची, जाहिरात दिसली. तीन वर्षं, आर्क्टिक समुद्राच्या तळाचा गाळ, आणि कामाच्या वर्णनात चक्क तळावरची फोरामिनिफेरा! शेवटची तारीख तीन आठवड्यांवर. त्यावरून गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेच्या जुन्या जाहिराती काढून बघितल्या. तिथे प्रकल्प शास्त्रज्ञाच्या कंत्राटी जागा मधूनमधून निघतात असं दिसतं.

आणि इथेच माझा पाय अडतोय. ध्रुवीय, क्रायोस्फिअर (म्हणजे पृथ्वीवरचं सगळं बर्फ), आर्क्टिक हे शब्द वाचले की वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. मी बर्फ बघितलाय तो कळवा नाक्यावर पापलेटखालचा. मनालीलासुद्धा गेलेली नाही. अशा माणसाने अर्ज केला तर तिकडचे लोक हसतील का? चौतिसाव्या वर्षी पोस्टडॉक म्हणजे उशीर झाला का? नवरा ऐरोलीला आयटीत, लेक ४ वर्षांची, सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थांबल्या आहेत. घरात अजून कोणाला बोलले नाहीये. आधी इथे विचारतेय, यावरून काय ते समजा.

घोडबंदरचा राजा

ताई, एवढं शिकून चिखल कशाला? महापे, रबाळेला पर्यावरण सल्लागार कंपन्या ढिगाने आहेत. प्रकल्पाचे पर्यावरण आघात अहवाल लिहायचे, महिन्याच्या महिन्याला पगार. माझा मेहुणा तेच करतो, यंदा गाडी घेतली.

खाडीकाठची, कळवा

केलंय भाऊ, आठ महिने. खाडीकाठच्या एका प्रकल्पाच्या अहवालात 'परिसरात उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही' असं माझ्या नावाखाली छापायचं होतं. बाहेर साठ-सत्तर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे होते. सोडली.

सातवं वर्ष, अंबरनाथ

मॅडम, मीही सीएचबीच. आयडीवरून कळलंच असेल. वटवाघूळ वाचून हसलो, आणि मग हसू गेलं.

आपल्याकडे जाहिरात निघण्याआधी केवढी रांग असते ते एकदा मांडतो, म्हणजे दोष तुमचा नाही हे तरी पटेल. अनुदानित कॉलेजात जागा रिकामी झाली म्हणून भरता येत नाही. आधी शासनाचं ना-हरकत, मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, मग जाहिरात, मग छाननी. यात एक माणूस निवृत्त होऊन दुसरा निवृत्त व्हायची वेळ येते. त्यातून पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग असलेली कॉलेजं बोटांवर मोजावीत. 'पर्यावरण अभ्यास' सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे सगळ्या पदव्यांना सक्तीचा झाला खरा, पण त्यासाठी वेगळी जागा क्वचितच कुठे आली. आमच्याकडे भूगोलवाला शिकवतो, तो रजेवर गेला की मी, मी नसलो की ग्रंथपाल.

सेटचं तुमचं बरोबरच आहे. परीक्षा पदव्युत्तर पदवीच्याच विषयात द्यावी लागते, त्यामुळे तुम्हाला पर्यावरणशास्त्रात बसता आलं नसतं. जुलै २०२३ पासून सहाय्यक प्राध्यापकाला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. म्हणजे तुमचा सेट तुम्हाला जीवशास्त्राच्या दारात उभं करतो आणि पीएचडी पर्यावरणाच्या. दोन्ही दारांवरचा शिपाई वेगळा.

मी थांबलोय, कारण आई-वडील माझ्यावर आहेत आणि मला दुसरं काही येत नाही. तुम्हाला येतंय. जागेची वाट इथे बसून बघितली काय आणि तिकडे बसून बघितली काय, ती निघायची तेव्हाच निघणार.

ऐरोली सेक्टर ८

घाईत लिहितेय. मी पवईला हवामानबदलावर काम करते, रिसर्च असोसिएट. देशातच राहायचं असेल तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप बघा. पूर्वी सर्ब या केंद्राच्या संशोधन मंडळाची होती, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं. वयाची अट ३५, बायकांना ५ वर्षं सवलत, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. मार्गदर्शक स्वतः शोधायचा, आणि जिथे पीएचडी केली ती संस्था चालत नाही. एक गोष्ट मात्र: नुसतं 'क्लायमेट' लिहिलेल्या जाहिरातींत वेळ घालवू नका. त्यांतल्या बहुतेक संगणकी प्रारूपांच्या असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत जा नाहीतर आमच्याकडे या, दिवसभर फोरट्रान आणि पायथन या संगणकी भाषा. चिखलाचा थेंब दिसणार नाही.

उत्तरवारा, मूळ नेरूळ, सध्या ट्रॉम्सो

अगं बाई! माझ्याच गावातली जाहिरात दिसतेय. तुला अगं-तुगं करते, चालवून घे. मी त्या गटात नाही, माझं काम समुद्रातल्या बर्फावर, त्यामुळे वशिला नाही हे आधीच सांगून टाकते.

लोक हसतील का, तर नाही. कारण तू ती जाहिरात नावापासून वाचलीस आणि घाबरलीस. इथली जाहिरात मधून वाचायची असते. वर प्रकल्पाची कहाणी असते, आर्क्टिक कसं तापतंय वगैरे, ती सगळ्यांची सारखीच. खाली एक भाग असतो 'असायलाच हवं' असा, आणि त्याच्याखाली 'असल्यास उत्तम'. तुझा जीव फक्त पहिल्या भागात गुंतू दे. तिथे बघ काय आहे ते: पीएचडी, फोरामिनिफेरा ओळखण्याचा अनुभव, इंग्रजीत लिहिता येणं. बर्फ कुठे आहे? जहाजावर काम केल्याचा अनुभव बहुधा दुसऱ्या भागात असेल. आणि नाखव्याची होडी हेही जलयानच, तेही लिही.

छाननीला तज्ज्ञांची छोटी समिती बसते, ती त्या पहिल्या भागातल्या एकेका अटीपुढे खूण करत जाते. तुझं एमएस्सी प्राणिशास्त्रात की पाकशास्त्रात हे तिथे कोणी विचारत नाही.

इथल्या गाळात एक जात पोत्याने सापडते, निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा. थंड पाण्यातली ही बया डावखुरी, कवच डावीकडे वळतं. तुझ्या खाडीत अमोनिया नावाची फोरामिनिफेरा असणारच, ती घाणीत तग धरते, ही थंडीत. उचलायचा ब्रश तोच गं.

आता अर्जाचं. आपल्याकडच्या लोकांची पत्रं मी वाचली आहेत, मीही एकेकाळी तसंच लिहिलं होतं: 'आदरणीय महोदय, मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे.' पुसून टाक. पहिल्याच ओळीत लिही, किती दांडे काढले, दर दांड्याचे किती काप केले, एकूण किती कवचं मोजली. जाहिरातीच्या तळाशी चौकशीसाठी एका माणसाचं नाव असतं. त्याला अर्जाआधी चार ओळींची मेल टाक. हा आगाऊपणा नाही, इथे रीतच आहे. पण 'कृपया माझी माहिती पाहून मार्गदर्शन करावे' नको. कामाचा एक नेमका प्रश्न विचार. आणि अर्जाला एक पैसा लागत नाही. कुठल्याही जागेसाठी कोणी प्रक्रिया शुल्क मागितलं की समज, तो चोर.

एवढ्या एका जाहिरातीवर जीव टांगू नकोस. नॉर्वेच्या जागा जॉबनॉर्गेवर येतात, ब्रिटनच्या जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर, युरोपच्या युरॅक्सेसवर. शोधताना 'ध्रुवीय' टाकू नकोस, 'मायक्रोपॅलिऑन्टॉलॉजी', 'सेडिमेंट कोअर', 'बेंथिक' असे आपल्या कवचांचे, गाळाचे, तळाचे शब्द टाक. जर्मनीत ब्रेमरहाफेनला आल्फ्रेड वेगेनर ही ध्रुवीय संशोधन संस्था आहे, केंब्रिजला ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे. अमेरिकेत २०२५ पासून संशोधनाच्या पैशाला कात्री लागलीय, तिकडे आत्ता फार आशा धरू नकोस. मेरी क्युरीच्या नावाची युरोपीय फेलोशिपही आहे, अर्ज साधारण सप्टेंबरात. पीएचडी होऊन ८ वर्षांच्या आत हवं, पण बाळंतपणाचा काळ त्यातून वजा होतो. चौतीस म्हणजे उशीर, हे तुला कोणी सांगितलं? माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई ४१ची आहे आणि तिचं हे दुसरं पोस्टडॉक.

लेकीचं. इथे एक वर्षाच्या पुढच्या मुलांना बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क आहे, बार्नेहागे म्हणतात तिला. शाळा सहाव्या वर्षी. बर्फ पडो, अंधार असो, पोरं अंगावर चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून बाहेरच खेळतात. पहिल्या हिवाळ्यात मी आईला व्हिडिओवर खिडकी दाखवली, दुपारचे दोन आणि बाहेर मिट्ट काळोख. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येतच नाही. आई म्हणाली, 'अगो, मग जेवायचं कधी?' ते वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या डिसेंबरात मी रोज रडत होते, दिव्यासमोर बसवायचे मला. दुसऱ्या वर्षी सवय झाली. नवऱ्याला नोकरी लगेच मिळेल असं धरून चालू नकोस, हेही आत्ताच सांगते.

खाडीकाठची, कळवा

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मोजले. ७ दांडे, प्रत्येकी ४० काप, २८० नमुने, गुणिले ३००. चौऱ्याऐंशी लाख योनी नाहीत, पण ८४,००० कवचं भरली! पीएचडीत हा आकडा मी कुठेच लिहिला नव्हता.

काल रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, 'आईचा गुडघा?' एवढंच. राग नव्हता त्यात, पण मला झोप आली नाही. घर असं मागे टाकून कोणी गेलंय का, याबद्दल कोणी बोललं तर बरं होईल.

पनवेलचा म्हातारा

शेवटचा प्रश्न माझ्यासाठीच आहे असं समजून लिहितो. मी शास्त्रज्ञ नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेत तांत्रिक कामावर होतो, निवृत्त होऊन ६ वर्षं झाली. संस्था आता नवीन पनवेलला आहे, आधी कुलाब्याला होती आणि तेव्हा मी वाशीहून लोकलने जायचो. अलिबागची जुनी वेधशाळा आमचीच. मुंबईत विजेवरच्या ट्राम आल्या तर चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ साली ती कुलाब्याहून अलिबागला हलवली. तेच मोजमाप अंटार्क्टिकावरही चालतं, म्हणून आमच्यातला कोणी ना कोणी मोहिमेत असायचा. नव्वदच्या दशकात एक वर्ष ज्याचं नाव होतं तो वैद्यकीय तपासणीत अडकला आणि माझं नाव आलं. हिवाळा काढून परत यायचं, म्हणजे जाऊन-येऊन १६ महिने.

बायको म्हणाली, 'विचारताय की सांगताय?' मी म्हटलं, विचारतोय. ती म्हणाली, 'मग तोंड असं का झालंय?' तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची होती.

दिल्लीला तपासण्या, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या हाताखाली बर्फातलं शिक्षण. दोर कसा बांधायचा, भेगेत पडलेला माणूस कसा काढायचा. मीही त्याआधी बर्फ पाहिला नव्हता, बाई. वाशीच्या माणसाने कुठे पाहायचा? औलीला पहिल्या दिवशी तोंडावर पडलो तेव्हा जवान म्हणाला, 'बंबईवाले को चावल की बोरी की तरह उठाओ.' आता लोक केप टाऊनहून विमानाने जातात, आम्ही मार्मागोव्याहून जहाजाने गेलो. दक्षिणेकडच्या चाळीस अक्षांशानंतर समुद्र असा उसळतो की तीन दिवस मी बंकला स्वतःला चादरीने बांधून घेतलं होतं.

अंटार्क्टिकावरचं आपलं मैत्री केंद्र शिर्माकर टेकड्यांत आहे, उघड्या खडकावर. बाजूला तळं, प्रियदर्शिनी त्याचं नाव, पाणी त्याचंच. माझं काम मोजणीच्या खोलीत. ती केंद्रापासून लांब, आणि आत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, चाकू, कमरेचा पट्टा, सगळं बाहेर. बाहेर वादळ आणि मी एका हाताने विजार धरून दुसऱ्या हाताने आकडे लिहितोय, असं सहा महिने चाललं. मेच्या अखेरीला सूर्य गेला, जुलैच्या अखेरीला आला. मधे २१ जूनला मोठा सण असतो, सगळ्या देशांची केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. आमच्या स्वयंपाक्याने त्या दिवशी पुरणपोळी करायचं ठरवलं आणि डाळ शिजेना. शेवटी पराठ्यात गूळ घालून खाल्ला.

आता मुद्द्याचं. घरी बोलणं म्हणजे हॅम रेडिओवर, वातावरण ठीक असेल तर. बोललं की 'ओव्हर' म्हणायचं, मगच समोरच्याने बोलायचं. बायको कधी 'ओव्हर' म्हणायची विसरायची आणि आम्ही दोघं गप्प बसून राहायचो, तो म्हणेल, ती म्हणेल. परत आलो तेव्हा मुलगी पावणेतीन वर्षांची. दारात मला बघून आईच्या मागे लपली आणि म्हणाली, 'काका आले.' पुढचे दोन-तीन महिने मी काकाच होतो. आज ती ठाण्याला असते, तिला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं.

म्हणून सांगतो. तुम्ही बर्फाला घाबरताय, ते सोडा, बर्फ शिकता येतो. मोजायचं ते किती दिवस आणि लेक सोबत येते की नाही. नॉर्वेत लेक सोबत येते. गोव्याला तर रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली की सकाळी मडगाव, पुढे वास्को तासाभरावर. अंटार्क्टिकाचा उन्हाळी दौरा चारेक महिन्यांचा, आणि प्रकल्पात नाव आलं तरी जायलाच पाहिजे असं नाही, कित्येक जण इथे बसून नमुन्यांवर काम करतात. हिवाळा काढायला मात्र लेक दहा वर्षांची होईपर्यंत जाऊ नका. हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

गोव्याच्या संस्थेबद्दल. १९९८ सालची, २०१८ मध्ये नाव बदलून राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र झालं. मैत्री १९८९ची आणि भारती २०१२ची, ही दोन्ही केंद्रं तेच चालवतात. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं हिमाद्री २००८चं, स्पितीतलं हिमांश २०१६चं, तीही त्यांचीच. अंटार्क्टिकावरचं मैत्रीच्या आधीचं दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फाने गिळलं. नावात 'महासागर' आहे ते विसरू नका, तुमचा गाळ तिथे बसतो. प्रकल्प शास्त्रज्ञाच्या तीन पायऱ्या असतात. अलीकडच्या जाहिरातींत पहिलीला ५६,००० आणि घरभाडं, वयाची अट ३५. दुसरीला ६७,००० आणि ४०. तिसरीला ७८,००० आणि ४५. तुमचं वय ३४, तेव्हा पहिल्या पायरीचं दार आता लोटत आलंय. पण पीएचडी झालेल्या माणसाने दुसरीवरच जावं, अनुभवाचे कागद नीट लावा. सीएचबीची पत्रं कॉलेज देत नाही अशी ओरड ऐकतो, ती आधी मिळवा.

आणि घोडबंदरच्या राजांना सांगा, ध्रुवावर जायला शास्त्रज्ञच व्हावं लागतं असं नाही. केंद्रावर डॉक्टर, स्वयंपाकी, वाहन दुरुस्तीवाले, वीजतंत्री लागतात, त्यांच्या कंत्राटी जाहिराती निघतात. मेव्हण्याची गाडी जुनी झाली की कळवा.

गुडघ्याचं ऑपरेशन आधी उरका. माझ्या बायकोचं झालंय, सहा आठवड्यांत ती जिना चढायला लागली. नॉर्वेवाले अर्ज आल्या आल्या बोलावत नसणार.

उत्तरवारा, मूळ नेरूळ, सध्या ट्रॉम्सो

काका, दंडवत. आणि हो, आल्या आल्या बोलावत नाहीत. छाननी, मुलाखत, परवाना धरून सहा-आठ महिने सहज जातात. सासूबाई तोवर तलावपाळीला फेऱ्या मारत असतील.

घोडबंदरचा राजा

काका, वाहन दुरुस्तीवाल्याला किती देतात? सहज विचारतोय.

खाडीकाठची, कळवा

बारा दिवसांनी येतेय, क्षमस्व. मध्ये कॉलेजच्या परीक्षा होत्या.

काकांचं लिहिलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'काका आले' पाशी त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. मग सासूबाईंना वाचून दाखवलं त्यानेच. त्यांनी विचारलं, तिथे गुळाचा पराठा मिळतो तर पीठ कुठून आणतात. ऑपरेशनची तारीख घेतली, पुढच्या महिन्याची १८. ठाण्यातच.

सीएचबीची पत्रं मागायला ऑफिसात गेले, तर तीनपैकी दोन वर्षांची मिळाली. तिसऱ्या वर्षाची फाइल 'वर गेलीय' म्हणे. वर म्हणजे कुठे ते कोणाला ठाऊक नाही, आमची इमारत दोन मजली आहे.

उत्तरवारा, तुझं ऐकून मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर! त्यांनी उलट मलाच विचारलं, वाळूचे कण चिकटवून कवच बांधणाऱ्या जाती मला ओळखता येतात का, कारण त्यांच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीत, त्याही सापडतात. हसावं की रडावं कळेना. विटाव्याच्या खारफुटीतला माझा दांडा त्याच प्रकारच्या जातींनी भरलेला होता. ट्रोकॅमिना आणि तिची भावंडं. माझे पीएचडीचे सर तेव्हा म्हणाले होते, 'हा कचरा वेगळा काढ, प्रबंधात फार जागा घालवू नकोस.' तो कचरा मी फेकला नव्हता, ४० स्लाइडी अजून आईकडे कपाटात आहेत, साड्यांच्या खाली. रविवारी जाऊन फोटो काढले आणि पाठवले. 'छान, जरूर अर्ज करा' एवढंच लिहिलंय, त्यात काय ते समजून घ्यायचं.

अर्ज तयार आहे. पहिली ओळ ८४,००० कवचांची. गोव्याची नवी जाहिरात आली की तिथेही टाकणार, त्यासाठी अनुभवाचे कागद एका फाइलीत लावून ठेवलेत. पर्यावरणशास्त्राची जागा परत निघाली तर तीही सोडणार नाही, दात मोजू देत.

आता एकच अडलंय. शिफारशीसाठी सरांचं नाव दिलंय आणि सर निवृत्तीनंतर मेल उघडतच नाहीत. फोन केला तर म्हणाले, पासवर्ड नातवाला माहीत आहे आणि नातू सहलीला गेलाय. शेवटची तारीख मंगळवार. नातू शनिवारी रात्री येतोय, म्हणून रविवारी सकाळच्या लोकलने मी बदलापूरला जातेय, त्यांच्या शेजारी बसून ती मेल उघडून घ्यायला. सरांना काय आवडतं ते आठवत नाही, खाडीच्या काळात ते फक्त चहा प्यायचे. मामलेदार मिसळीचा रस्सा डब्यातून बदलापूरपर्यंत नीट जातो का?